चाळीस मिनिटांचं धुकं

“दार लावा आधी, धुकं आत येतंय,” तो पाठमोराच म्हणाला.

तिने दार लावलं. तशी ती चुकूनच वर आली होती. खाली भिंतीवर ‘व्यवस्थापक – वर’ अशी पाटी होती आणि वर जाणारे जिने मात्र दोन. एक व्यवस्थापकांच्या खोलीत जात होता, दुसरा थेट गच्चीवर. तिने नेमका दुसरा धरला. आणि आता समोर काहीच नव्हतं… गच्चीचा कठडा संपला की जगच संपत होतं. पांढरं, मऊ, ओलं असं काहीतरी कठड्याला टेकून उभं होतं आणि त्याच्याकडे दुर्बीण लावून हा माणूस.

“टाकी दिसतेय का बघा जरा,” तो म्हणाला.

“कुठली टाकी?”

“म्हणजे नाही दिसत.” त्याने वहीत काहीतरी लिहिलं. “आणि पांढरी शेड?”

“मला काहीच दिसत नाहीये.”

“काहीच नाही असं कधी नसतं. नीट बघा… घाई करू नका.”

घाई न करणं हा तिचा प्रांतच नव्हे. तरी तिने पाहिलं. आधी एक खांब दिसला आणि त्याच्या टोकाला लोंबणारी, दंवाने जड झालेली वाऱ्याची कापडी पिशवी. मग कुंपणाची झुडपं, एकेक करत, लाजत लाजत पुढे आली. तिला गंमत वाटली. ती हे सांगायला वळली, तर तो झुडपांकडे बघतच नव्हता, तिच्याकडे बघत होता. पकडला गेल्यावर त्याने घाईघाईने वहीत डोकं घातलं. वही उलटी होती.

आता ही कोण, ते सांगायला हवं. ती तपासनीस होती. देशभरातल्या चाळीस विमानतळांची दरवर्षी तुलना करणाऱ्या एका कार्यालयात तिची नोकरी. किती विमानं रद्द झाली, किती उशिरा सुटली, उशीर पंधरा मिनिटांच्या आतला की बाहेरचा… पंधराच्या आतला असेल तर तो उशीर धरायचाच नाही, असा नियम. अशा हजारो मिनिटांच्या बेरजा करून ती विमानतळांना एक ते चाळीस क्रमांक द्यायची. लहानपणापासून तिला मोजायची सवय होती. जिन्याच्या पायऱ्या, भाजीवाल्याने टाकलेले टोमॅटो, समोरच्याने घेतलेले उसासे, सगळं. तिची वहिनी म्हणायची, “हिच्या लग्नात अक्षता उधळू नका रे, ही मोजत बसेल.” लग्नाचा योग मात्र येत नव्हता. दोन स्थळं तिने नाकारली होती, कारण एक अठ्ठावीस मिनिटं उशिरा आलं होतं आणि दुसरं वीस मिनिटं लवकर.

डोंगरातला हा चिमुकला विमानतळ गेल्या वर्षी चाळिसावा होता. यंदाही चाळिसावा आला, तर हिवाळ्यातली सकाळची विमानं काढून सपाटीवरच्या मोठ्या विमानतळाला द्यायची, असं वर ठरलं होतं. सपाटीवरचा पाचवा होता. सकाळचं विमान गेलं की इथे उरणार काय? दिवसाला एक दुपारचं विमान आणि त्याच्यामागे धावणारी चाळीस माणसं. त्यातली निम्मी घरी बसणार हे उघड होतं, आणि गच्चीवर उभं राहून धुक्याकडे बघणाऱ्याला तर पहिल्यांदा घरी बसवणार.

तशी ती कागदावरच चाळीस लिहून मोकळी झाली असती. पण तिला एक गोष्ट खटकली होती. इथे विमानं रद्द फारशी होत नव्हती, नुसती रखडत होती. आणि तीही दरवेळी जवळजवळ तेवढीच. अडतीस मिनिटं, एक्केचाळीस, चाळीस… धुकं असं मोजूनमापून वागत नाही. याच्यामागे काहीतरी आहे, असं म्हणून तिने दहा दिवसांचा मुक्काम मागून घेतला. अहवाल बंद व्हायची तारीख होती पुढच्या आठवड्यातला शुक्रवार.

विमानतळाच्या कॅन्टीनवाल्या मावशींनी वरची खोली तिला दिली. गच्चीवरच्या माणसाची माहितीही त्यांनी न विचारता दिली. तो हवामान निरीक्षक, सगळे त्याला धुकेराव म्हणतात, वय बत्तीस, एकटा राहतो, कॉफीत साखर दोन चमचे. शेवटच्या दोन गोष्टी मावशींनी जरा हळू आवाजात सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी सातला ती गच्चीवर हजर. कामच होतं. तिसऱ्या दिवशी पावणेसातला. चौथ्या दिवशी साडेसहाला, आणि साडेसहाला तिथे कसलं काम असतं, हे तिला कोणी विचारलं नाही म्हणून बरं. हातात कॉफीचे दोन कप असत. त्याने एकदा विचारलं, “साखर दोन चमचे हे तुम्हाला कोणी सांगितलं?” ती म्हणाली, “तपास केला.” तो इतका लाजला की दुर्बीण डोळ्यांना लावूनच कॉफी प्यायला लागला.

त्याचं काम त्याने तिला समजावून सांगितलं. यंत्रं मोठ्या विमानतळांकडे, इथे माणसाची नजर. गच्चीवरून दिसणाऱ्या चार खुणा ठरलेल्या होत्या आणि प्रत्येकीचं अंतर भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेलं. खांब दोनशे मीटर. कुंपण चारशे. फुलांच्या रोपवाटिकेची पांढरी शेड आठशे. आणि बाजूला टेकाडावरची पाण्याची टाकी, दीड हजार. विमान उतरायला किंवा सुटायला हजार मीटरपर्यंत दिसायला हवं. शेड दिसली तर आठशेच, म्हणजे थांबायचं. टाकी दिसली की फोन उचलायचा आणि नियंत्रण मनोऱ्याला सांगायचं, “मोकळं.”

“आणि शेड दिसल्यावर टाकी दिसायला किती वेळ लागतो?” तिने विचारलं.

“लागतो की. धुक्याला काय घाई असते? तुमच्यासारखं नसतं ते.”

“मी आता कुठे घाई करते?”

“नाही करत,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “…माझ्या लक्षात आलंय ते.”

यावर दोघंही बराच वेळ टाकी शोधत राहिले. टाकी त्या दिवशी केव्हाच दिसू लागली होती.

अशा त्या सकाळी. धुकं यायचं तेव्हा आवाज आधी मऊ व्हायचे. खाली सामानाच्या गाड्यांची खडखड, मावशींच्या बश्यांचा आवाज, कुणा प्रवाशाचं लांबून हसणं, सगळं कापसात गुंडाळून वर यायचं. तो बोलायचा तेही हळू, जणू जोरात बोललं तर काहीतरी विरून जाईल. धुक्याचे प्रकार सांगायचा. एक जमिनीतून उठतं, एक नदीवरून चालत येतं. उठणारं तापट, उन्हाची चाहूल लागली की पळतं. चालत येणारं मुक्कामाला येतं. ती ऐकत राहायची आणि वही मिटलेली असायची. एकदा वहिनीचा फोन आला तेव्हा तिने वहिनीला नदीवरच्या धुक्याबद्दल चांगलं ऐकवलं. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “त्याचं वय काय?” ती म्हणाली, “कुणाचं, धुक्याचं?” वहिनी म्हणाली, “बरं बाई, धुक्याचं.”

आठव्या दिवशी, बुधवारी, सकाळचं विमान उशिराने का होईना सुटलं आणि त्यानंतर पुन्हा धुकं दाटलं. दुपारपर्यंत काही काम नव्हतं. तो म्हणाला, रोज लांबून बघता ती शेड जवळून बघायची का? रोपवाटिकेत सध्या फुलं आहेत. तिने हो म्हणायला अजिबात वेळ घेतला नाही.

गच्चीच्या बरोबर खालच्या दारातून दोघं निघाले. कुंपणाच्या फाटकातून बाहेर पडल्यावर सरळ, ओली पायवाट होती. दोन्ही बाजूंना गवत, गवतावर कोळ्यांची जाळी आणि जाळ्यांवर दंवाचे मणी. दहा पावलांवर काही दिसत नव्हतं. जग दोघांपुरतं उरलं होतं. मधे एक ओहोळ लागला, त्यावरची फळी निसरडी होती. त्याने हात पुढे केला, तिने धरला. फळी चार पावलांची होती. फळी संपली, हात सुटला नाही. कुणी सोडवावा, हा प्रश्नही कुणी काढला नाही. तिच्या कानाशी रक्त धडधडत होतं आणि बोटांना त्याच्या बोटांची ऊब लागत होती, आणि सुख सुख म्हणतात ते इतकं साधं असतं हे तिला कुणी आधी कसं सांगितलं नाही, याचंच तिला नवल वाटत होतं.

पण जित्याची खोड. तिचे पाय चालत होते आणि मनाचा कुठलासा कोपरा पावलं मोजत होता. तिचं पाऊल पाऊण मीटरचं. अनेक विमानतळांच्या फरशांवर तपासून घेतलेलं. आठशे मीटर म्हणजे हजार सदुसष्ट पावलं. हजार सदुसष्ट झाली… शेड नाही. अकराशे झाली, बाराशे. तेराशेच्या पुढे कुठेतरी ती पांढरी भिंत एकदम नाकासमोर आली, ओल्या चुन्याचा आणि फुलांचा वास आला.

“ही बघा तुमची शेड,” तो म्हणाला.

ती भिंतीकडे बघत राहिली. तिचा हात गार पडला होता. त्याने विचारलं, थंडी वाजतेय का, आणि स्वतःचा मफलर काढून तिच्या गळ्यात घातला. फुलं बघताना ती एक शब्द नीट बोलली नाही. त्याला वाटलं, लाजली असेल. बिचाऱ्याने परतीच्या वाटेवर शीळही घातली.

दुपारभर ती नोंदींच्या कपाटापुढे बसून होती. दिव्याखाली अंधार कसा असतो, ते तिला तिथे सापडलं. सहा वर्षांपूर्वीपर्यंत निरीक्षकाची खोली गच्चीवर नव्हतीच. धावपट्टीच्या कडेला निरीक्षकाचा वेगळा लाकडी मनोरा होता, शेडला दोनशे मीटर जवळचा. मनोरा कुजला, पाडला; खोली मुख्य इमारतीच्या गच्चीवर आली. जवळच्या खुणा नव्याने मोजल्या गेल्या. लांबच्या दोन तशाच ठेवल्या, कारण लांबचं ते लांबच राहणार, असं वाटलं असेल. टाकी बाजूला असल्याने तिच्या अंतरात फरक पडला नव्हता. शेडच्या पडला होता. आठशेची शेड हजारावर गेली होती आणि तक्ता मात्र आठशेच म्हणत होता. म्हणजे शेड दिसताक्षणी विमान सोडता आलं असतं, आणि सहा हिवाळे हा भला माणूस टाकीची वाट बघत उभा राहिला होता. रोज चाळीस मिनिटं. तक्त्याखाली, खोली हलवली त्या तारखेला, त्याचीच सही होती. नव्याने नोकरीला लागलेल्या माणसाची, मोठी, वळणदार सही.

विमानतळाचे सगळे चुकीचे उशीर एका सहीपाशी येऊन थांबत होते. अहवालाच्या नियमांत एक कलम होतं, की उशिराचं कारण सापडलं आणि दूर केलं गेलं अशी तपासनिसाने मोजून नोंद केली, तर विमानतळाला आणखी एक वर्ष मिळतं. नोंद केली तर विमानतळ वाचणार, पण ती चूक ज्याची, त्याचं नाव लिहावं लागणार. नाही केली तर सगळंच जाणार, त्याच्या नोकरीसकट. आकड्यांच्या बाईला इतकं साधं गणित आजवर कधी इतकं अवघड गेलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती वर गेली आणि तिने सगळं त्याला सांगितलं. कॉफीचे कप कठड्यावर तसेच राहिले.

त्याने कोपऱ्यातलं अंतर मोजायचं चाक घेतलं, दांडा धरला आणि धुक्यात चालता झाला. बऱ्याच वेळाने परत आला तेव्हा बूट चिखलाने भरले होते. “एक हजार आठ,” तो म्हणाला आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत उभा राहिला. मग त्याला माणसं आठवायला लागली. मुलाखत हुकलेली एक मुलगी, बहिणीच्या लग्नाला उशिरा पोचलेला एक शिक्षक, बाकावर बसून चार वेळा वेळ विचारणारे एक आजोबा. चाळीस-चाळीस मिनिटं त्याने त्यांची घेतली होती आणि त्या सगळ्यांना तो म्हणाला होता, धुक्यापुढे कुणाचं चालतं?

“मुद्दाम तर नाही ना केलंत,” ती म्हणाली.

“नाही. तुम्ही केलंत.” तो तिच्याकडे न बघता बोलत होता. “काल मला वाटलं तुम्ही माझ्याबरोबर फिरायला आलात. तुम्ही मोजायला आला होतात.”

“तसं नाहीये…”

“पावलं मोजलीत की नाही?”

मोजली होती. ती खोटं बोलू शकली असती, पण ते तिला येत नसे. ती गप्प राहिली, आणि गप्प राहण्याचा अर्थ त्याने काढायचा तोच काढला. त्याने मेजावरचा कागद ओढला आणि आपल्या हाताने व्यवस्थापकांना लिहून दिलं, की अंतर चुकीचं होतं, चूक माझी, आज मोजून दुरुस्त केलं आहे. व्यवस्थापक भले गृहस्थ. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, त्याला लेखी समज दिली आणि नव्या तक्त्यावर संध्याकाळच्या आत शिक्कामोर्तब केलं. शेड, एक हजार.

त्याच दुपारी तिने कार्यालयात फोन लावला. तिच्या वरिष्ठ बाई कामात करड्या होत्या, पण शोध ऐकून खूश झाल्या. म्हणाल्या, नोंद कर, सही कर, उद्या सकाळच्या विमानाने ये. मग त्यांनी सवयीने नेहमीचा प्रश्न विचारला. तिथल्या कोणाशी तुझं काही नातं नाही ना? नाही म्हणून टाक, फॉर्म पाठव, झालं.

नाही म्हणणं खोटंही ठरलं नसतं. कोणी कोणाला काही बोललं नव्हतं. जे होतं तेही सकाळीच तुटलं होतं. आणि ‘आहे’ म्हटलं, तर तिची नोंद बाद. दुसऱ्या तपासनिसाने येऊन पुन्हा मोजायचं, तेही उद्याच, कारण उद्या अहवाल बंद. उद्या धुक्यामुळे तो तपासनीस उतरू शकला नाही, तर डोंगरातला विमानतळ चाळिसावा. एका ‘नाही’ने चाळीस माणसांची भाकर सुरक्षित होत होती. पण त्याच नोंदीवर उद्या कुणी बोट ठेवलं असतं की बाई गुंतलेल्या होत्या, तर नोंदही गेली असती आणि त्याची उरलीसुरली अब्रूही. शिवाय… तिला ‘नाही’ म्हणवेना. एवढंच खरं.

“आहे,” ती म्हणाली.

“कुणाशी?”

“निरीक्षकाशी.”

“काय नातं?”

“ते… अजून ठरायचंय.”

“तो रकाना रिकामा चालत नाही, माहीत आहे ना तुला?” बाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा मवाळ झाला होता. दुसरा तपासनीस उद्या सकाळच्या विमानाने निघेल, त्याच विमानाने तू परत ये, आणि विमानात बसण्याआधी फॉर्म पूर्ण करून पाठव, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी मावशींनी तिच्यापुढे गरम सूप ठेवलं आणि न विचारता बाकावर बसल्या. तिने सगळं सांगितलं. मावशी म्हणाल्या, “अगं, जो रुसतो तो बसून राहतो. जिना दुसऱ्यालाच चढावा लागतो. आणि तुला काय, पायऱ्या पाठच असतील.” सव्वीस होत्या.

शुक्रवारी सकाळी सातला धुकं असं होतं की खांबसुद्धा दिसेना. ती सव्वीस पायऱ्या चढून गच्चीवर आली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात फॉर्म. तो कठड्याशी होता. आदल्या दिवशीचं त्याने काही काढलं नाही, तिनेही नाही. दोघं शेजारी उभे राहून पांढऱ्याकडे बघत राहिले.

आठ वाजता, वेळेच्या वीस मिनिटं आधीच, वरून विमानाचा आवाज आला. तपासनीस त्यात होता. नियंत्रण मनोऱ्यावरून फोन आला, की वैमानिक पाऊण तासाहून थोडा कमी वेळ घिरट्या घालू शकेल, नाही तर सपाटीवर निघून जाईल. आवाज एकदा डोक्यावरून गेला, लांब गेला, परत आला. खांब दिसला. वीस मिनिटांनी कुंपण दिसलं, आणि तिला वाटलं आता काही व्हायचं नाही.

आणि मग धुक्यात, त्याच्याहून जरा जास्त पांढरं असं काहीतरी दिसलं. होतं की नव्हतं… नव्हतं की होतं. ती बोलली नाही. हे सांगण्याचं काम तिचं नव्हतं.

त्याने दुर्बीण लावली. टाकीचा पत्ताच नव्हता. तो जुन्या सवयीने टाकीसाठी थांबला असता, जरा शंका आहे एवढंच म्हणाला असता, तरी कुणी त्याला बोल लावला नसता. विमान सपाटीवर गेलं असतं आणि ती आज इथेच राहिली असती. हे दोघांनाही कळत होतं. त्याने दुर्बिणीची काच पुसली आणि पुन्हा एकदा पाहिलं. विमानाचा आवाज पुन्हा लांब जायला लागला.

त्याने फोन उचलला. “शेड दिसतेय. एक हजार,” तो म्हणाला. “मोकळं.”

फोन ठेवून तो तिच्याकडे वळला. “किती वेळ आहे?”

“उतरलं की पंचवीस मिनिटांत पुन्हा सुटतं.”

“पूर्वी चाळीस मिनिटं जास्तीची मिळाली असती.”

“मिळाली असती,” ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि तिने ते येऊ दिलं. “मी पावलं मोजली. मला मोजल्याशिवाय चालता येत नाही, लहानपणापासून येत नाही. पण फळीपासून पुढची शंभर-दोनशे पावलं माझी हुकली. किती झाली ते मला आठवतच नव्हतं, अंदाजाने पुढे धरली मी. म्हणून दुपारभर ते कपाट धुंडाळलं. माझी मोजणी आजवर कधी हुकली नव्हती.”

तो तिच्याकडे बघत राहिला. खाली धावपट्टीवर चाकं टेकल्याचा आवाज आला, आणि दोघांपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही.

“मला कालपासून झोप नाही,” तो म्हणाला. “चूक माझी आणि राग तुमच्यावर काढला. सहा वर्षं इथे उभा आहे मी, कुणी गेलं म्हणून वाईट वाटलं नाही कधी. आज ‘मोकळं’ म्हणायलाच नको वाटलं.” मग त्याने तिच्या हातातला कागद पाहिला. “ते काय आहे?”

तिने फॉर्म पुढे केला. विमानतळावरच्या व्यक्तीशी नातं, आणि पुढे चार घरं. रक्ताचं. विवाहाचं, झालेल्या किंवा ठरलेल्या. व्यवसायाचं. इतर. त्याने तो सावकाश वाचला, रोजच्या नोंदी वाचायचा तसा.

“‘इतर’वर खूण करणार होते,” ती म्हणाली. “पण पुढे खुलासा लिहावा लागतो. काय लिहू? तुम्ही मला आवडता, असं लिहू?”

“मला सांग आधी. मग कागदाला सांग.”

“आवडता,” ती म्हणाली. “फार आवडता.”

“मग ‘इतर’वर नको करूस खूण. त्याच्या वरचं एक सोडून वरचं घर आहे ना, त्यात कर.”

तिने पाहिलं. तिचे कान तापले. “ते विवाहाचं आहे.”

“वाचता येतं मला.”

“ठरलेला असला पाहिजे. मी फॉर्मवर खोटं लिहीत नाही.”

“ठरव की मग,” तो म्हणाला. “माझं ठरलंय.”

खाली मावशी जिन्याच्या तोंडाशी येऊन हाका मारत होत्या, की बाई, सगळे बसले, तुझ्याच नावाचा पुकारा चाललाय. नवा तपासनीस आपलं स्वतःचं मोजायचं चाक काखेत मारून पायवाटेकडे निघालाही होता. तो कितीही कडक असला तरी एक हजार आठ मीटर हे कुणीही मोजले तरी एक हजार आठच भरणार होते. तिने कागद कठड्यावर ठेवला. कठडा ओला होता, पेन नीट उमटेना. तिने दोनदा गिरवून त्या घरात खूण केली, फॉर्मचा फोटो काढून बाईंना पाठवून दिला, आणि मग, जिना उतरण्याआधी, त्याच्या थंडगार गालावर ओठ टेकवले. किती वेळ, ते तिने मोजलं नाही.

विमान नियोजित वेळेनंतर अकरा मिनिटांनी सुटलं. पंधराच्या आतला उशीर म्हणजे नियमाप्रमाणे वेळेवरच. खिडकीतून तिला धुक्यावर आलेली गच्ची दिसली, गच्चीवर हात हलवणारा माणूस दिसला, आणि एखादं विमान वेळेवर सुटल्याचा तिला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.